पोळी न खाणाऱ्याचा रस्सा

चंपतरावांचा हात आधी चालायचा, तोंड मागाहून. खापरखेड्याच्या वीजघरात तीस वर्षं फिटर होते; जाम झालेला व्हॉल्व्ह आणि उलट बोलणारा हेल्पर, दोघांनाही ते एकाच पान्ह्याने सरळ करतात, असं कॉलनीत म्हणत. साखरेच्या आजारालाही त्यांनी तसंच धरलं. उजव्या पायाचा अंगठा कापून घरी आले त्या दिवशी त्यांनी तांदळाचा डबा अंगणात आपटला. तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर अर्धं पाऊल जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

दीक्षाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, नियम घालून दिले. पोळी नाही, भाकर नाही, भात नाही, बटाटा नाही. मटण चालेल. एवढं शेवटचं ऐकलं आणि चंपतरावांना वाटलं, लढाई मारली.

निवृत्तीनंतर ते नागपुरात मुलीकडेच राहत. ती कामावर गेली की दुपारचं जेवण बळीरामच्या सावजी भोजनालयात. बळीराम शाळेपासूनचा जोडीदार. पहिल्या दिवशी चंपतरावांनी पोळ्या बाजूला सारल्या तेव्हा तो बघतच राहिला.

"काहून गा, पोळीशी भांडण झालं का तुयं?"

चंपतरावांनी पायावरची पट्टी दाखवली. बळीरामने पोळ्या उचलून नेल्या. त्या दिवसापासून त्यांच्यासाठी चुलीवर रश्श्याचा वेगळा गंज चढू लागला. दोन प्लेट मटण आणि वर वाट्यामागून वाट्या रस्सा. शेजारच्या टेबलावर कुणी गरम भाकर मोडली की चंपतरावांच्या जबड्याच्या शिरा तटतटत. एकदा एका गिऱ्हाइकाने गमतीने पापड पुढे केला, तर त्यांनी त्याची ताटली भिंतीवर भिरकावली.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, साडेनऊवरून अकरावर गेली होती. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीखच दिली.

चंपतराव तिथून थेट भोजनालयाच्या स्वयंपाकघरात घुसले. त्यांचा गंज उकळत होता आणि बळीराम स्वतः त्यात मुठीने काहीतरी सोडत होता. काय ते, असं त्यांनी विचारलं.

"ज्वारीचं भाजलेलं पीठ," बळीराम सहज म्हणाला. "रस्सा घट्ट कराले थोडं तर सगळ्यातच राह्यते. तुयासाठी चार मुठी जास्त. पोळी खात नाहीस, उपाशी राहशील म्हणून टाकून राहिलो ना गा."

ढवळायचा लोखंडी सराटा चंपतरावांच्या हाती कधी आला, त्यांनाही कळलं नाही. पहिला घाव कपाळावर बसला. दुसऱ्याने बळीरामचा ओठ फाटला. आजवर कुणावर हात न उगारलेल्या बळीरामने त्यांची गचांडी धरून त्यांना ओट्यावर आदळलं, आणि गंज कलंडला. लालभडक तर्री फरशीवर पसरली. आचारी किंचाळत टेबलावर चढला. चंपतराव मात्र त्यातच पाय रोवून मारत होते.

एकाएकी बळीरामने हात खाली सोडले.

"चंपत, पाय पाह्य तुया."

त्यांनी पाहिलं. पट्टी भिजून लाल झाली होती, चपलेच्या पट्ट्यांमधून कातडीवर फोड फुगत होते. दुखत काहीच नव्हतं. त्या पायाची जाणीव कधीचीच गेली होती.

बळीराम रश्श्यातच खाली बसला. ते पाऊल त्याने मांडीवर घेतलं आणि माठातलं पाणी त्यावर ओतू लागला. कपाळातलं रक्त पाण्यात टपकत होतं. चंपतरावांनी सराटा उचलला आणि त्याच्या पाठीत आणखी एक घातला. बळीराम पाणी ओतत राहिला.