ओली पाळ

भंडाऱ्याच्या दवाखान्यात भेटलेल्या त्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पन्नास वर्षं होतील आता. टायफॉइडनं माझ्या धाकट्या भावाचं आतडं फुटलं होतं, पोट उघडून ते शिवलं होतं. शेजारच्या खाटेवर त्या माणसाची बायको होती, तिचंही तसंच ऑपरेशन झालेलं. तो स्टुलावर बसून सारखा गुडघ्यावर तळहात थापायचा, माती बसवावी तसा.

तिसऱ्या दिवशी भावाला ताप चढला. डॉक्टर म्हणाले, "रक्तातल्या पांढऱ्या पेशी टाक्यांपाशी लढताहेत. पोटातला वारा सरेपर्यंत तोंडानं काही देऊ नका." टाके धरतील की सुटतील, हे त्यांनाही सांगता येईना.

भाऊ कण्हत होता, "दादा, घोटभर पेज दे ना." आमच्याकडे आजाऱ्याला पेज नाकारायची रीत नाही. मी घरून आणलेल्या पेजेची वाटी उचलली. त्या माणसानं झटकन तिच्यावर हात ठेवला.

"शेतातल्या तळ्याची, बोडीची पाळ फुटली का सारं गाव माती टाकाले धावते. याच्या पोटात तेच चालू आहे. पाळ ओली असताना पाणी सोडशील, तं सारी माती वाहून जाईल."

"तुमाले काय माहीत?" मी चिडलो.

त्यानं शेजारच्या खाटेकडं पाहिलं. ती रिकामी होती. सकाळीच त्याच्या बायकोला पोट पुन्हा उघडायला आत नेलं होतं.

"मीच पाजलो ना तिले," तो म्हणाला.

मी वाटी खाली ठेवली. त्याचा हात मात्र कितीतरी वेळ वाटीवरच होता.