चांदणीच्या पायातले बूट

माझी मावसबहीण सुनंदा पाचगणीला घोडेस्वारी शिकवते. तिची लाडकी घोडी चांदणी एकदा भरधाव पळताना मागच्या खुराने स्वतःचाच पुढचा पाय फाडून बसली. जखम भरली, पण पुन्हा तसंच होईल या भीतीने सुनंदा तिला तबेल्याबाहेर मोकळं सोडेना.

परवा सकाळी मी तिथे होतो. सुनंदाने चांदणीच्या पुढच्या पायांना जाड, मऊ अस्तराचे बूट बांधले, पट्ट्याखाली बोट सरकतं का ते पाहिलं आणि कुरणाचं फाटक उघडलं.

"जा गं बाई," ती म्हणाली.

चांदणी क्षणभर थबकली आणि मग अशी सुटली, की गवतातले बगळे भरारा उडाले. शेपटी वर, मान ताठ! जीव लावलेल्याला आपण जपायचं म्हणून कोंडून ठेवतो. त्याच्या धावण्याची तयारी करून द्यावी, हे किती उशिरा सुचतं आपल्याला!

दमून ती परत आली. सुनंदाने बूट सोडले. एकावर खुराचा खोल ओरखडा होता. आतला पाय अगदी धडधाकट.

"बघितलंस? बुटावर गेलं, पायाला काही नाही!" सुनंदा ओरडली आणि घोडीच्या गळ्यात पडून हसत सुटली.

चांदणी मात्र पुन्हा कुरणाकडे बघत होती.