देवीच्या नावाचा कॉम्प्युटर

रसिकाकडे अडचण घेऊन जाणारा माणूस मोबाईलवर काढलेला एक फोटो दाखवतो. फोटो कॉम्प्युटरच्या पडद्याचा असतो, वाकडा असतो, त्यात ट्यूबलाइट चमकत असते आणि लाल अक्षरांतली फक्त शेवटची ओळ आलेली असते. रसिका फोटो बघते, फोन परत देते आणि विचारते, "वरचा खंय आसा?" वरचं कोणीच आणलेलं नसतं. माणसं शेवटची ओळ वाचून घाबरतात आणि खिडकी बंद करून टाकतात. मग ती पायात चपला घालते आणि त्यांच्याबरोबर निघते.

खाजणवाडीच्या महादूची ही मुलगी. महादूची एक छोटी होडी होती. त्याने हिला मात्र कुडाळला ठेवून कॉम्प्युटर शिकवला. पुढे नवी मुंबईत एका कंपनीत तिला नोकरी लागली. काम एवढंच, की कंपनीचे प्रोग्राम ज्यांच्या मशीनवर बसत नाहीत त्यांना फोन करायचा आणि बसवून द्यायचे. समोरचा माणूस बहुधा रागावलेला असायचा. महादू गेला, आई नर्मदाचे डोळे अधू झाले, तेव्हा ती लॅपटॉप घेऊन गावी आली आणि तेच काम पडवीत बसून करू लागली. सुरुवातीला गावाने तिच्या लग्नाची चौकशी केली. मग गावाला प्रिंटर बिघडला की कोणाला बोलवायचं ते कळलं आणि चौकशी थांबली.

मी सत्यवान, इथल्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. मला कॉम्प्युटरचा राग आहे आणि तो लपवण्याचं माझं वय राहिलेलं नाही. तरीही आमच्या सोसायटीत कॉम्प्युटर आहे, कारण लवू आमचा चेअरमन आहे.

लवूचा मुलगा बाबली. तो स्वतःच्या होडीवर जायचा. एका सकाळी दुसऱ्या एका होडीवर माणूस कमी पडला. किनाऱ्यावर उभ्या उभ्या बोलणं झालं आणि बाबली तिच्यात चढला. आमच्याकडे हे रोजचंच. ती होडी बुडाली. त्या होडीवरच्या माणसांना शोधायला सगळे धावले, पण बाबली तिच्यावर आहे हे कोणाला माहीत नव्हतं. त्याची स्वतःची होडी किनाऱ्याला लागलेली होती. त्याची आई, काशीबाई, तो खारेपाटणला बहिणीकडे गेला असेल असं समजून जेवण झाकून बसली होती. बाहेर काढलेल्यांतला एक जण शुद्धीवर येऊन बोलला तेव्हा कळलं. तोवर शोध थांबवून लोक परतले होते. वेळेत कळलं असतं तर बाबली सापडला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. लवूने मात्र तो सापडला असता असंच स्वतःला सांगून टाकलेलं आहे, आणि त्यावर त्याच्याशी वाद घालायची आमची कोणाची छाती नाही.

तेव्हापासून त्याने एकच ध्यास घेतला. कुठल्या होडीवर कोण गेलं ते सकाळी नोंदल्याशिवाय होडी सुटायची नाही. आधी आम्ही वहीत लिहीत होतो. पण संध्याकाळी वही उघडून बघायचं कोणाच्या लक्षात राहत नसे, आणि वही काही स्वतःहून ओरडत नाही. मग वाडीतल्या सुशांतने इंजिनीअरिंगला असताना एक प्रोग्राम करून दिला. सकाळी नावं भरायची, परत आले की खूण करायची, आणि ठरल्या वेळेपर्यंत एखाद्या नावापुढे खूण झाली नाही तर त्याच्या घरच्यांना आणि सोसायटीला आपोआप मेसेज जातो, आणि मग उशिराने खूण झाली की परतल्याचाही जातो. सुशांत पुढे परदेशी गेला. प्रोग्राम चालत राहिला.

या पावसाळ्यात जुना कॉम्प्युटर गेला. सोसायटीचं ऑफिस दर्यापासून दगड टाकण्याच्या अंतरावर आहे आणि खारा वारा लोखंडच काय, पितळेचं कुलूपसुद्धा खातो. लवू स्वतः जाऊन नवा कॉम्प्युटर घेऊन आला. टेबलावर ठेवून त्यापुढे नारळ फोडला, आम्हाला उभं केलं आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवी पावणाई, आज ह्या नवा यंत्र तुझ्या पायाशी ठेवलेला आसा. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, आणि दर्यात गेलेलो एकूण एक माणूस घराक येवंदे गो माये."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. मी जरा मोठ्यानेच म्हणालो, कारण नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. दर्याला नारळ दिला की होड्या सुटतात, आणि सुटायला उतावळे झालेले होडीवाले तांडेल प्रोग्रामसाठी थांबणारे नव्हते. ते तोंडावर हो म्हणाले असते आणि नावं न देता गेले असते. लवूला हे माझ्याइतकंच माहीत होतं. तो रोज येऊन त्या बंद पडद्यासमोर बसायचा.

रसिका आली. जुन्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम आणि नोंदी तिने नव्यावर आणल्या. प्रोग्राम पायथॉन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला, आणि होड्यांची सगळी माहिती एका डेटाबेसमध्ये. दोघांना एकमेकांशी बोलायला मध्ये एक पॅकेज लागतं. त्याचं नाव उच्चारताना जिभेला पीळ पडतो, म्हणून रसिका त्याला नुसतं अ‍ॅडॉप्टर म्हणते. ते पॅकेज बसेना. तयार मिळतं ते सुशांतच्या प्रोग्रामशी जुळत नव्हतं आणि जुळतं ते तयार मिळत नव्हतं, म्हणून इथेच बांधायला हवं होतं. तिने हुकूम दिला, पडदाभर अक्षरं धावली आणि शेवटी लाल झाली.

"काय म्हणता ता?" लवूने विचारलं.

"थांबा काका, वरसून वाचूंदे."

ती वर गेली आणि ओळ न ओळ तोंडाने वाचत खाली आली. तिच्या वाचण्यात घाई नसते. समोर बसलेल्याला झोप येते. अडचण अशी होती, की अ‍ॅडॉप्टरला डेटाबेस सापडत नव्हता. डेटाबेस त्याच यंत्रात बसलेला, फक्त त्याचा ठिकाणा कोणी सांगितलेला नव्हता. तिने तो सांगितला. पुन्हा लाल. आता बांधायची हत्यारं नव्हती. ती उतरवून घेता घेता आमच्या इंटरनेटने जेवणाची वेळ उलटवली. पुन्हा हुकूम, पुन्हा अक्षरं, पुन्हा लाल.

यावेळी ती वाचता वाचता एका ओळीवर थांबली आणि तिने बोट ठेवलं. तिथे काही इंग्रजी अक्षरं होती आणि त्यांच्या मधोमध प्रश्नचिन्हांची रांग.

"काका, ह्या कॉम्प्युटराक नाव कोणी दिला?"

"मी," लवू म्हणाला. "दुकानवाल्यान इचारल्यान, नाव काय घालू. मी सांगलंय, आमच्याकडे सगळा देवीच्या नावान. श्री देवी पावणाई घाल."

दुकानवाल्याने मराठीत तसंच घातलं होतं. आमच्या गावची विहीर देवीच्या नावाची, एस.टी.चा थांबा देवीच्या नावाचा, आणि लवूच्या होडीवरही तेच नाव. कॉम्प्युटर वेगळा कशाला. पण या यंत्रात मालकाचं म्हणून जे नाव घातलं, तेच त्याच्या घराचं, म्हणजे मुख्य फोल्डरचं, नाव होतं, आणि सगळं सामान त्या घरात ठेवलं जातं. बांधकामाचं ते जुनं हत्यार मराठी अक्षरं ओळखत नव्हतं. घराच्या नावावर आलं की त्याला प्रश्नचिन्हांपलीकडे काही दिसेना आणि ते तिथेच थांबत होतं. रसिकाने हे समजावून सांगितलं. उपाय सोपा होता. नवीन नावाने नवं खातं उघडायचं, इंग्रजीत, आणि हे काढून टाकायचं.

लवू त्या प्रश्नचिन्हांकडे बघत होता. "ह्या देवीचा नाव?"

"त्येका तसा दिसता."

"आणि ता काढूचा."

"होय."

"माज्यान जावचा नाय," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "नारळ फोडून, गाऱ्हाणा घालून दिलेला नाव. आता ऐन दर्याक जाताना ता पुसूचा? आणि उद्या कोणाचा काय झाला तर?"

मला संताप आला. ज्याच्यासाठी हा माणूस इतकी वर्षं झटतोय ते एका नावापायी अडलंय आणि अडवणारा तोच. मी तसं बोललोही, जरा तिखटच. लवूने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कौल लावूया."

रसिकाने वाद घातला नाही. लॅपटॉप पिशवीत टाकला आणि आमच्याबरोबर देवळात आली. गुरवाने देवीच्या अंगावर कळ्या लावल्या आणि लवूने प्रश्न घातला: नाव काढू काय, काढायचं असेल तर उजवा दे. आम्ही हात जोडून बसलो. बराच वेळ काही हललं नाही. मग डावी कळी गळून खाली पडली.

डावी म्हणजे नकार; कौल मिळाला नाही. लवूच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. देवीने त्याचं म्हणणं राखलं होतं आणि त्याच्या होड्या अडवल्या होत्या, आणि त्यातलं दुसरंच त्याला दिसत होतं. तो गाभाऱ्याच्या पायरीवर बसला, डोकं धरून.

रसिका उंबऱ्याच्या बाहेर खांबाला टेकून उभी होती. गाभाऱ्यात बायका जात नाहीत. तिची आईही तिथेच उभी राहायची, आणि नैवेद्याचा सगळा स्वयंपाक बाहेरच्या मांडवात करून ताट तेवढं आत पाठवायची.

"काका," ती म्हणाली, "नाव ऱ्हांवदे."

लवूने वर बघितलं.

"नाव काढूचा नाय. घर देवीचाच. फक्त काम भायर करूया. घराच्या भायर वेगळी जागा करतंय, बांधणा थंय, ठेवणा थंय. आत कायच न्हेवचा नाय." मग म्हणाली, "आमी बायलमाणसा सगळा रांधप भायरच करतो मा? देवीक चलता."

यात एक टोला होता. तो गुरवाला लागला आणि बहुतेक मलाही. लवूला नाही लागला. तो उठला, देवीला पुन्हा हात जोडले आणि म्हणाला, "चल." ह्यासाठी कौल लावायची त्याला गरज वाटली नाही.

ऑफिसात येऊन तिने देवीच्या घराच्या बाहेर एक नवी जागा केली आणि तिला साधं 'काम' असं नाव दिलं, इंग्रजी अक्षरांत. पायथॉनचं सामान तिथे मांडलं, हत्यारांना तिथेच राबायला सांगितलं आणि हुकूम दिला. अक्षरं धावली, थांबली, पुन्हा धावली. मी लाल होण्याची वाट बघत होतो. झाली नाहीत. शेवटची ओळ पांढरी होती. रसिकाने ती वाचली आणि तरीही वर जाऊन सगळं पहिल्यापासून वाचून काढलं, मगच म्हणाली, "बसला."

प्रोग्राम उघडला. होड्यांची नावं, घरच्यांचे फोन नंबर, सगळं जागच्या जागी होतं. आता मेसेज जातात का ते बघायला एक खोटी नोंद करायची होती. ती होडीच्या जागी 'तपासणी' असं लिहून माणसाच्या नावापाशी थांबली.

"खयचाय नाव चलात," ती म्हणाली. "तुमचा घालू, सत्यवानकाका?"

"बाबलीचा घाल," लवू म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. नाव लिहिलं, घरचा नंबर म्हणून लवूचा घातला, परतण्याची वेळ हातावरच्या घड्याळात बघून लगेचची ठेवली. बाहेर कोणीतरी होडीला रंग लावत होतं, त्याचा वास येत होता. मग लवूच्या खिशात फोन वाजला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वाचलं: तपासणी होडीवर गेलेला बाबली लवू अजून परतलेला नाही.

"त्या दिवसा ह्या इला आसता तर," तो म्हणाला. मग तो रडला. बाबली गेला तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, आत्ता पाहिलं, आणि मला वाईट वाटलं. इतकं, की मघाशी तिखट बोललेलं आठवून मी खिडकीकडे तोंड केलं.

रसिका थांबली. खोटी नोंद ठेवून चालणार नव्हतं, नाहीतर रोज संध्याकाळी तोच मेसेज आला असता. "काका, पुसू?" तिने हळूच विचारलं.

"पुसू नको," लवू म्हणाला. "परत इलो म्हणान घाल."

तिने माऊस त्याच्या हाताखाली सरकवला आणि खूण कुठे करायची ते बोटाने दाखवलं. त्याचा हात जड, जाळी ओढणारा. बाण दोनदा भलतीकडे गेला. मग खूण झाली. फोन पुन्हा वाजला: तपासणी होडीवर गेलेला बाबली लवू परतला.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या नावं देऊन सुटल्या. दोन तांडेलांनी कुरकुर केली, पण दिली. रसिका तेव्हा पडवीत बसून पुण्याच्या कोणाला तरी फोनवर सांगत होती, वरची ओळ वाचा म्हणून. लवू आता रोज सोसायटीत येतो, नोंदी बघतो आणि मधेच फोन काढतो. त्यातला पहिला मेसेज त्याने पुसला आहे. दुसरा ठेवला आहे, आणि तो त्याने काशीबाईलाही वाचून दाखवला.