पिवळं आवण

विशेबाईंच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणावर त्यांनी खडूने लिहून ठेवलं होतं, ‘पिवळं आवण’. शहापूरजवळच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मुख्याध्यापिकेचं कामही बघायच्या. आठवी ते दहावीतल्या कोणीही रागाच्या भरात काही लिहून आणलं, की त्याची रवानगी त्या खणात. ‘मी कबड्डी सोडतो’, ‘मी हिच्या शेजारी बसणार नाही’. एका दिवट्याने तर ‘जगात कोणी कोणाचं नसतं’ एवढंच लिहून खाली सही ठोकली होती. बाई वाचायच्या, “बरं हाय” म्हणायच्या आणि खण बंद. पुढे आठ दिवस त्या विषयावर चकार शब्द नाही.

हे आठ दिवस शेतातून आलेले. भाताचं आवण, म्हणजे रोपं, राबाच्या वाफ्यातून उपटून चिखलात लावली की आठवडाभर पिवळी पडतात, माना टाकतात. मग मुळं धरली की हिरवी होतात. बाई शेतकऱ्याच्या घरातल्या. रंगात आल्या की पुस्तकी भाषा सुटायची. एकदा फळ्यावर भलंमोठं डोकं काढून म्हणाल्या, “या वयात तुमचं डोकं एका खाचरातून दुसऱ्यात लावलेलं असतं रे. राग नि हौस म्हणजे हळवं भात, लगेच तयार. कपाळामागचं शहाणपण गरवं. त्याला टाइम लागतो.” आम्ही नुसते खिदळलो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी नववीत होते आणि एका सकाळी मी माझी वेणी कचकन कापून टाकली. का? देवाशप्पथ, आजही सांगता येणार नाही! वर्ग हसला, घरी बाबांनी थोबाडीत दिली, आणि मी किंचाळले, “मला शाळाच नको!” बाबाही माझेच बाबा. “नको ना? लिही अर्ज.” मी लिहिला, त्यांनी सही केली आणि मला घेऊन तडक शाळेत. आत्याने मुरबाडकडचं एक स्थळ आधीच सुचवून ठेवलं होतं. दाखला हातात पडला असता तर येत्या उन्हाळ्यात माझं लग्नच होतं.

बाईंनी अर्ज वाचला. “दादा, आवण पिवळं पडलं म्हनून तुमी उपटून फेकता का?”

“छे, बाई! आसं कसं?”

“मंग आठ दिस द्या पोरीला.”

बाबांनी मान डोलावली आणि अर्ज खणात गेला. ते आठ दिवस बाई मला रोज मधल्या सुट्टीत बोलवायच्या आणि पेलाभर पाणी द्यायच्या. उपदेश नाही, चौकशी नाही. मी धुमसत प्यायचे. पाचव्या दिवशी पिता पिता रडूच फुटलं. आठव्या दिवशी त्यांनी विचारलं, “काय गो, सही करू?” मी जोरात नकाराची मान हलवली. दाखला काढायचा राहिला, स्थळही बारगळलं.

पुढे मी त्याच शाळेत क्लार्क झाले. दोन हजार सालानंतर कधीतरी एका डॉक्टरांनी पेपरात लिहिलं, की मेंदूचा कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. बाईंनी ते कात्रण स्टाफरूममध्ये चिकटवलं. “लई उशीर केला रे यांनी,” म्हणाल्या.

त्याच वर्षी सभेत संस्थेचे अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, तुमच्या लाडांनी पोरं शेफारली.” बाई तडक ऑफिसात आल्या. उभ्याउभ्याच राजीनामा लिहिला आणि माझ्यापुढे टाकला. “आताच्या आता पोचव.” बाई गेल्या तर आमच्या पोरींना आठ दिवस कोण देणार?

मी कागद वाचला. “बरं हाय,” म्हटलं. त्यांच्या टेबलाचा खालचा खण उघडून कागद आत ठेवला आणि त्यांच्यापुढे पेलाभर पाणी ठेवलं.

“मी काय चवदा वर्सांची हाय का गो?” बाई कडाडल्या.

मी पेला आणखी पुढे सरकवला. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, खणाकडे पाहिलं. मग खुर्चीत बसल्या आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

निवृत्त झाल्या त्या दिवशी तो खण मी रिकामा करायला घेतला. तळाशी माझा अर्ज आणि त्यांचा राजीनामा एकाच टाचणीत अडकवलेले होते. माझ्या अर्जावर लाल शाईत शेरा होता, ‘पिवळी आहे. पाणी द्यावे.’ राजीनाम्यावरही त्याच अक्षरात तोच शेरा होता, फक्त पुढे जोडलं होतं, ‘दिले. हिरवी झाले.’