वळवलेली आग

लाखांदूरला आम्ही चौघे मित्र रविवारी फासे टाकून जादूगार आणि ड्रॅगनचा खेळ खेळतो. त्यातला एक दिघोरीचा, बियाण्यांचा दुकानदार. वय जेमतेम तीस, पण खेळातल्या आपल्या जादूगाराला तो 'आमचा म्हातारा' म्हणतो आणि त्याच्या तब्येतीची बातमी दिल्याशिवाय फाशाला हात लावत नाही. "म्हातारा आज थकून राहिला गा," म्हणत तो चहा बशीत ओततो. बाकीचे ताटकळतात.

बचावाचा मंत्र निवडायचा असला, तर विचारूच नका. परवा ड्रॅगनने त्याच्या म्हाताऱ्यावर आग ओकली. त्याच्याकडे दोन मंत्र उरले होते. एक आग बाजूला वळवणारा, दुसरा ती अंगावर झेलून निम्मी करणारा. कोणीही पहिलाच घेतला असता. हा दुपट्ट्याने मिशी पुसत म्हणाला, "वळवलेली आग जाईन कोठी?"

"कायले डोकं लावतं? खेळ हाय हा," मी वैतागलो.

"असं कसं? आपली बांधी फोडली, त पाणी बाजूच्याच्या धानात घुसतेच ना."

मग त्याने पटावर पाहिलं. बाजूला माझं पात्र, एक चोर, उभा होता, आधीच अर्धमेला. त्याने दुसरा मंत्र घेतला. म्हाताऱ्याची दाढी जळाली, पण जीव वाचला.

"पुढच्या खेपेले जरा दूर उभा राय गा," तो मला म्हणाला. "म्हाताऱ्याले दरवेळी नाई झेपत."

मी बरं म्हणालो. तेव्हापासून माझा चोर त्याच्या म्हाताऱ्याला अगदी चिकटून उभा राहतो.