लेकी बोले, भिंती लागे

लेकी बोले सुने लागे, असं जुनी माणसं म्हणतात. या घरात लेक नव्हती, म्हणून सासू भिंतीला बोलायची. "भिंती, तुझ्या मालकिणीला सांग, दूध उतू चाललंय." सून गॅस बंद करायची आणि तीही भिंतीलाच ऐकवायची, की ज्यांना दूध उतू जाताना दिसतं, त्यांचे हात काही बांधलेले नसतात. दोघींची बोलणी खाऊन ती भिंत बिचारी चुना सोडू लागली होती.

राग ऑपरेशनचा. सासूच्या हृदयाला रक्त नेणारी वाट बुजत आली तेव्हा हट्ट सुनेनं धरला होता. पायातली शीर काढून छातीत जोडली. दुखणं गेलं, पण घोट्यापासून गुडघ्यापर्यंत व्रण उरला. शेजारणींना तो दाखवून सासू म्हणायची, ही आमच्या सूनबाईंची सही.

सुनेचं कामच शिरांचं. इस्पितळामागच्या खोलीत ती जोडलेल्या शिरांमधून वाहणारं रक्त गणितानं कॉम्प्युटरवर मांडायची. बरोबरचे लोक तिला नळवाली म्हणत. पायातल्या शिरेला संथ रक्ताची सवय. हृदयापाशी नेली, की दर ठोक्याला धक्का. तो सोसायला ती आपली भिंत जाड करते. तिथवर ठीक. पण जोडाच्या वळणावर रक्त रेंगाळलं, तर भिंत आतून फुगत जाते, वाट बुजवते. जिथं रक्त भिंतीला घासून जातं, तिथली वाट बहुधा मोकळी राहते.

पुढं जिना चढताना सासूला पुन्हा धाप लागू लागली. सुनेनं तिच्या आधीच्या स्कॅनवरून गणित मांडलं. जोडापाशी पडद्यावर निळा डाग उमटला. निळं म्हणजे रेंगाळलेलं रक्त. डॉक्टरांनी लगेच तपासणीला बोलावलं. सासू जागची हलेना. माझ्या छातीतलं हिच्या यंत्राला काय कळतंय, असं तिनं भिंतीला विचारलं. मुलगा मध्ये पडला, दोन्हीकडून ओरबाडून घेतलं आणि ओट्यावर जाऊन बसला.

तेव्हा सून उठली आणि त्याच भिंतीला पाठ लावून सासूसमोर उभी राहिली. आता बोलायचं तर तोंडावरच.

"गणित अंदाज सांगतं," ती म्हणाली. "खोटा ठरवायचा असेल तर तपासणीला चला."

"खोटा ठरला तर जन्मात तुझं तोंड पाहणार नाही."

"आत्ता तरी कुठं पाहता?"

सासूनं पाहिलं. दूध नासावं अशी नजर. सुनेच्या पाठीला चुना लागला होता, तरी ती हलली नाही.

"माझ्या चपला कुठं टाकल्यास?" सासू म्हणाली.