एक वेढा कमी

मुकादमाला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे म्हातारपणी ही मऊ झाली असेल अशा आशेने कुणी पुढे वाचायला नको.

आमचं गाव शेव्याच्या खाडीला लागून. अर्धं गाव मिठागरात राबायचं. मिठाचा सत्याग्रह व्हायच्या तीन-चार वर्षं आधी माझी धाकटी बहीणही तिथे जायची, सहा महिन्यांची लेक काखोटीला मारून. पोरांना कापडात गुंडाळून बांधावर ठेवायचं आणि बायांनी डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायच्या. पोर रडलं की आईचे पाय अडखळायचे. मग मुकादम सावलीतून ओरडायचा, "गप कर गो त्याला!" आणि डबी उघडून बाळगोळी द्यायचा. बाळगोळी म्हणजे अफू. नाव मात्र किती लाडाचं!

बहिणीने लेकीला गोळी दिली नाही. पोरीला कडू लागेल म्हणून ती स्वतःच खायची. दुधातून आपोआप उतरेल, असा तिचा हिशेब. पोर खरंच झोपायची. खाऱ्या पाण्याने भेगाळलेल्या बहिणीच्या पायांची आगही थांबायची. मुकादम खूश. एका गोळीच्या दोन झाल्या, आणि दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिला अफूवाचून सकाळी उठवत नव्हतं.

सातव्या महिन्यात ती बाळंतपणाला माहेरी आली. नवरा वारल्यापासून मी माहेरीच होते, आईच्या हाताखाली सुईणपण शिकत होते. चार बाळंतपणं काय केली, स्वतःला शहाणी समजायला लागले होते. बहिणीच्या निऱ्यांत खोचलेली अफूची पुडी मला सापडली. ती मी खाडीत भिरकावली, बहिणीला भाताच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. "चार दिवस तडफड, सुटशील," असं म्हणाले मी तिला. हे माझ्याच तोंडचे शब्द.

ती दारावर डोकं आपटत राहिली. घाम, ओकाऱ्या, पोटऱ्यांत गोळे. मला तिचा राग आला होता, आणि त्या रागालाच मी माया समजत होते. तिसऱ्या दिवशी अवेळी कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. मी त्याला उलटा धरला, पाठीवर चापट्या मारल्या, कांदा फोडून नाकाशी नेला. तो रडलाच नाही. दोन दिवसांनी बहीणही गेली. थोरली लेक तिच्या सासरच्यांनी नेली.

त्या बाळाच्या गुटीसाठी आईने पनवेलच्या बाजारातून नवी सहाण आणून ठेवली होती. ती कोरीच राहिली. मुकादम दारावर आला, हळहळला आणि म्हणाला, "कामाला लय चांगली होती." त्या दिवसापासून त्याचं वाटोळं व्हावं म्हणून मी देवाला हात जोडत होते. माझ्या स्वतःच्या हातांकडे बघायची मात्र हिंमत नव्हती.

पुढे अलिबागच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंपुढे मी हे सगळं ओकले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पोटुशीची अफू एकदम तोडायची नसते. आई एक वेळ सोसेल, पोटातलं सोसत नाही. हळूहळू उतरवायची." हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?

घरी आले आणि पहिल्यांदा त्या खोलीच्या दाराची कडी उपटून काढली. मग ती कोरी सहाण खाली घेतली. बाळाची गुटी आमच्याकडे वेढे मोजून उगाळतात, हळकुंडाचे दोन, जायफळाचा एक. अफूलाही मी तीच रीत लावली. जिचं जेवढं सवयीचं, तेवढ्या वेढ्यांपासून सुरुवात. अंगाने चार-पाच दिवस सोसलं की एक वेढा कमी. नाही सोसलं, तर तिथेच थांबायचं. शिव्या नाहीत, शपथा नाहीत. पेज करून घालायची, पाय तेलाने चोळायचे, सासूला नाहीतर नवऱ्याला जवळ बसवून घ्यायचं. मिठागरातल्या बाया आधी लपतछपत आल्या, मग राजरोस येऊ लागल्या. गाव मला अफूची सुईण म्हणायचं. म्हणेना का.

बहिणीला जाऊन सात वर्षं झाली, आणि एका सकाळी मुकादम माझ्या ओटीवर उभा. मागे त्याची लेक, पोट पुढे आलेलं, डोळे खोल गेलेले. घरातली डबी हाताशीच असायची. पोटदुखीला म्हणून सुरू केली आणि चटक लागली.

"बाय, माजी पोर पयलटकरीन हाय," तो म्हणाला. "अफूबिगर तिला ऱ्हावत न्हाय. तुज्याबिगर कोन न्हाय मना."

माझ्या अंगाला आनंदाने काटा आला. देवाने ऐकलं होतं. आता मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं 'आजपासून बंद' म्हणायचं होतं. तेवढ्यानेच माझ्या घरात जे झालं ते त्याच्या घरात झालं असतं, आणि कुणी मला नाव ठेवलं नसतं. शब्द ओठांवर आले होते.

तेवढ्यात पोर बोलली. "मना कोंडशील काय गो, मावशी?"

म्हणजे गावाला सगळं ठाऊक होतं. मी तिला हाताला धरून आत नेलं आणि बिनकडीचं दार दाखवलं. तिच्यावर सूड घ्यायचा नाही, हे तिथे ठरलं. बापावरचा सोडायचा, असं काही मी ठरवलं नाही.

बाहेर येऊन मुकादमाला म्हटलं, "बांधावरची डबी आण. आजपासून ती इथे राहील, आणि तुझी लेकही. आणि रोज सकाळी तू येऊन उगाळायची, ह्याच ओटीवर." मिठागराला जाणाऱ्या बाया नेमक्या आमच्या ओटीसमोरून जायच्या. तो मांडी घालून सहाणेवर अफू उगाळायचा आणि मी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वेढे मोजायची. जन्मभर त्याने आमच्या पाट्या मोजल्या होत्या. बाया पदराआड हसत जायच्या. मला त्याचं सुख होत असे, खोटं कशाला बोलू? ती सहाण कुणासाठी आणली होती तेही मी त्याला सांगितलं. त्या दिवशी त्याचा हात थांबला. मी म्हटलं, "थांबू नको, अजून तीन राहिलेत."

दिवस भरेपर्यंत दोन वेढ्यांवर आलो. मग भर दुपारी ती मोकळी झाली. मुलगी झाली. अंग थरथरत होतं, पण रंग चांगला होता, दूध ओढत होती आणि टिपेला जाऊन रडत होती. तिला अफू नको होती, ऊब हवी होती. तिसऱ्या दिवशीही ते रडणं थांबेना, तेव्हा ओटीवरून मुकादमाचा जुना आवाज आला.

"गप करा गो तिला! एक वेढा द्या, झोपंल!"

मी पोर उचलली, बाहेर गेले, त्याला सदरा काढायला लावला आणि ती त्याच्या उघड्या छातीवर ठेवली.

"हिला गप करायचं नाही," मी म्हटलं. "माझ्या बहिणीचा मुलगा गप होता."

तो पोरीला दोन्ही हातांनी धरून बसून राहिला. ती रडत राहिली आणि मी दारात उभी राहून ऐकत राहिले. तसं रडणं ऐकायला मी सात वर्षं थांबले होते.